पाण्याचा दिवा

"काढ ते. इन्स्पेक्टर यायला अर्धा तास आहे. काढ, हात धू, आणि मग ऑफिसात ये."

मॅनेजरने हे चार नंबरच्या ट्रककडे पाठ करून सांगितलं. गाडी काल दुपारी क्रेनने ओढून आणून यार्डाच्या मागच्या भिंतीशी उभी केली होती. तिची डावी बाजू दारापासून मागच्या चाकापर्यंत खरवडून निघाली होती, पत्रा सालीसारखा सोलून वर वळला होता. फक्त दाराच्या मागे, जिथे डिझेलचा फिल्टर टांगलेला असतो, तिथे हातभर जागा जशीच्या तशी होती. फिल्टर शाबूत, नळ्या शाबूत, वायर शाबूत. गाडी आणि पुलाचा कठडा यांच्या मधे माणूस होता, म्हणून तेवढं वाचलं.

तो माणूस म्हणजे थेंब्याचे भाऊजी. थोरल्या बहिणीचा नवरा.

थेंब्या गुडघ्यावर बसला. बसताना कळ पार मस्तकात गेली. चारच दिवसांपूर्वी त्याचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं होतं, आणि पंधरा दिवस वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती जागा कोणीतरी पाइपाने धुऊन घेतली होती. धुणाऱ्याने उरकायचं म्हणून उरकलं होतं. फिल्टरच्या वरच्या अंगाला, जिथे धार पोचत नाही, तिथे काळपट काहीतरी सुकलेलं अजून होतं. थेंब्याने त्याच्या बाजूने हात आत घातला. बोटांना वाट माहीत होती. फिल्टरच्या बुडाशी सेन्सर, सेन्सरला प्लग, प्लगच्या मागे काळी टेप, आणि टेपखाली तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर. तो तिथे आहे हे यार्डाबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. तो तिथे बसवला होता याच बोटांनी.

"अपघात आहे," मॅनेजर पाठमोराच म्हणाला. "अपघात म्हणून फाईल बंद होईल, कोणाचं काही जाणार नाही. पण हे सापडलं तर पहिला आत जाशील तू. मी तुला लेखी दिलंय का काही?"

लेखी काहीच नव्हतं. या यार्डात कामाचं कधी लेखी नसायचं. लेखी फक्त चुका असायच्या.

थेंब्याने टेप सोलली, दाणा काढला, वायर पहिल्यासारखी जोडली. दाणा खिशात टाकला आणि हात धुवायला गेला. साबण दोनदा लावला.

थेंब्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण बावीस वर्षांत खरं नाव पगाराच्या यादीत तेवढं उरलं होतं. रोज सकाळी गाड्या निघायच्या आधी हा माणूस प्रत्येक गाडीच्या फिल्टरखालचा स्क्रू, म्हणजे ड्रेन प्लग, ढिला करायचा, काचेच्या बाटलीत थोडं डिझेल उतरवायचा, बाटली उजेडाकडे धरायचा आणि बुडाशी थेंब दिसतो का ते बघत उभा राहायचा. डिझेल वर, पाणी खाली. शाळेची पायरी न चढलेल्यालाही हे कळतं, ऑफिसात बसलेल्याला मात्र समजावून सांगावं लागतं. पाणी फिल्टर ओलांडून पुढे गेलं की नोझल खराब होतात, नाहीतर चालती गाडी दोन-चार झटके देते आणि जागेवर बंद पडते. ती जागा कोणती, ते पाणी ठरवतं. ड्रायव्हर ठरवत नाही. म्हणून हा थेंब शोधायचा आणि लोक हसायचे. काय थेंब्या, आज विहीर लागली का?

मग सहा नव्या गाड्या आल्या. त्यांच्या डॅशबोर्डवर याच कामासाठी एक पिवळा दिवा होता. फिल्टरमध्ये पाणी साचलं की तो लागणार. ड्रायव्हरांनी त्याचं नाव ठेवलं पाण्याचा दिवा. मॅनेजर त्या दिवशी फार खुशीत होता. थेंब्याच्या पाठीवर थाप मारून त्याने सांगितलं की आता ती बाटली घरी ने, तुझी जागा एका बल्बने घेतली.

पहिल्या आठवड्यात तो दिवा सोळा वेळा लागला. सोळा वेळा भरल्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, सोळा वेळा फिल्टर उघडला. दोनदा चमचाभर पाणी निघालं, चौदा वेळा डिझेल काचेसारखं स्वच्छ. पाऊस पडला की दिवा लागायचा, खड्डा बसला की लागायचा, गाडी धुतली की लागायचा. गाड्या विकणाऱ्यांचा माणूस टाय लावून आला, लॅपटॉप जोडून बसला, सेन्सर थोडा संवेदनशील आहे असं म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

"मेव्हणे, या दिव्याचं आमच्या आळीतल्या कुत्र्यासारखं आहे," भाऊजी थेंब्याला म्हणाले होते. "चोर आला तरी भुंकतं, पोस्टमन आला तरी भुंकतं, कोणी नाही आलं तर का नाही आलं म्हणून भुंकतं. शेवटी माणूस कानावर उशी घेऊन झोपतो. अन् चोराला तेवढंच पाहिजे असतं."

भाऊजी बोलायचे असे, पण माणूस सावध. एकोणतीस वर्षं गाडी चालवली, आरशालासुद्धा कधी चरा नाही. घरून निघाले की कोपऱ्यावरून परत यायचे, गॅस बंद आहे का ते बघायला. ताई म्हणायची, यांना स्वतःच्या सावलीचाही ब्रेक तपासायचा असतो.

दिव्यामुळे गाडी थांबवली तर उशीर, आणि उशीर झाला तर ड्रायव्हरच्या नावापुढे शेरा. तीन शेरे झाले की लांबचा मार्ग काढून घ्यायचे आणि गोदामात धक्के खायला बसवायचे. दिव्याला कोणी शेरा देत नव्हतं. तेव्हा एके सकाळी मॅनेजर वर्कशॉपच्या दारात आला आणि म्हणाला की उद्यापासून तो दिवा मला दिसता कामा नये. कसं, ते त्याने विचारलं नाही. अशी माणसं कसं हे कधीच विचारत नाहीत.

पण खरं तेही सांगितलं पाहिजे. मॅनेजरच्या आधी दोन दिवस भाऊजींनीच थेंब्याला म्हटलं होतं की बाबा, तो पिवळा डोळा मिटव एकदाचा, डोकं उठतं. सगळ्याच ड्रायव्हरांना तो मिटायला हवा होता. थेंब्याने वायरमनकडून दिव्याला पाणी नाही असंच भासवणारे सहा रेझिस्टर घेतले आणि एका दुपारी सहाही डोळे मिटले. वायरमन म्हणजे वर्कशॉपमधला दुसरा माणूस, गाड्यांच्या विजेचं काम बघणारा. दिवा गेल्यावर कसं शांत वाटलं सगळ्यांना. भाऊजींनी चहा पाजला.

थेंब्याने स्वतःशी एक अट घातली होती. दिवा मेला आहे, तेव्हा सहाही गाड्यांचं पाणी रोज आपण हाताने बघायचं. एका गाडीला पंधरा मिनिटं. मॅनेजरला ती पंधरा मिनिटं कामाच्या वेळात नको होती, म्हणून थेंब्या दीड तास आधी यायला लागला. चौदा महिने. ताप असताना आला, मुलीला बघायला पाहुणे येणार होते त्या सकाळी आला. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, कोणी सांगितलेलं नव्हतं, कोणी विचारतही नव्हतं. सहा गाड्यांच्या दिव्यांच्या जागी त्या यार्डाने एक माणूस बसवला होता, आणि त्या माणसाला मूळव्याध होऊ शकते हे कोणी धरलंच नव्हतं.

तीन दिवसांची सुट्टी मिळाली. थेंब्याने वायरमनला दोनदा सांगितलं, बाबा रे, रोज सकाळी सहाही गाड्यांचं पाणी काढ. वायरमनने दोनदा मान हलवली.

मंगळवारी संध्याकाळी भाऊजी दवाखान्यात आले. थेंब्या पालथा पडलेला. भाऊजींनी खुर्ची ओढली, त्याच्याकडे एक नजर टाकली आणि गंभीर चेहरा करून म्हणाले, "काय मेव्हणे, जन्मभर दुसऱ्यांचे ड्रेन प्लग बघितले, अन् स्वतःचाच ढिला झाला?"

शेजारच्या खाटेवरचा पेशंटसुद्धा हसला. थेंब्याला हसताना टाके ओढत होते, आणि नका हो हसवू म्हणत तो आणखी हसत होता. वायरमन पाणी काढतोय का, हे भाऊजींना विचारायचं त्याने दुपारीच ठरवलं होतं. त्या हसण्यात ते राहिलं. मग नर्सने भाऊजींना बाहेर काढलं.

वायरमनने पाणी काढलं नव्हतं. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, बुधवारी नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. दिवा लागत नव्हता, कोणाची तक्रार नव्हती, कशासाठी काढू?

यार्डात गाड्या धुवायच्या जागेचा उतार डिझेलच्या जमिनीखालच्या टाकीकडे होता. टाकीच्या झाकणाचं रबर कधीच कुजलं होतं. थेंब्याने तीनदा सांगितलं होतं, तीनदा नंतर बघू असं उत्तर मिळालं होतं. टाकीत झिरपलेलं पाणी बुडाशी बसायचं, आणि टाकी भरलेली असेपर्यंत पंपाची नळी त्याच्या वरचं डिझेल ओढायची. त्या आठवड्यात डिझेलचा टँकर दोन दिवस उशिरा येणार होता. बुधवारी सकाळी टाकी तळाला आली होती, नळी पाणी ओढत होती. त्या सकाळी यार्डातून डिझेल भरणारी एकच गाडी होती, चार नंबरची.

दहाच्या सुमाराला नदीवरच्या पुलाच्या वळणावर गाडीने झटके दिले. भाऊजींना पुढचं कळायला दिव्याची गरज नव्हती. एकोणतीस वर्षांचा कान होता. त्यांनी कठड्याच्या कडेला गाडी घेतली, घेताघेताच इंजिन बसलं. खाली उतरले. मागच्या चाकांना दगड लावले. तीस पावलं मागे चालत जाऊन लाल त्रिकोण ठेवला. मग कठडा आणि गाडी यांच्या मधल्या फटीत शिरून, फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून पाणी काढायला बसले. अर्धं काढून झालं होतं, हात बदलायला त्यांनी स्क्रू आवळला होता. वळणावरून आलेल्या बसने त्रिकोण उडवला, ब्रेक मारला, आणि गाडीला मागून उजव्या अंगाला ठोकलं. गाडी कठड्याकडे सरकली. हातभरच सरकली. पण तेवढ्या हातभरात भाऊजी होते.

इन्स्पेक्टर वेळेवर आला. वाहन खात्याचा माणूस. स्वच्छ शर्ट, स्वच्छ नखं, वही बगलेत. वाईट माणूस नव्हता. असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाला निदान शिव्या देता येतात. त्याने गाडी चारी बाजूंनी पाहिली, चाकं पाहिली, ब्रेकच्या नळ्या पाहिल्या, थेंब्याने मघाशी जोडलेला प्लगही वाकून पाहिला. मग केबिनमध्ये चढला आणि चावी फिरवली.

पिवळा दिवा लागला.

लुकलुकला नाही, विझला नाही. फिल्टरमध्ये अर्धं पाणी शिल्लक होतंच. चौदा महिने मारून ठेवलेला तो दिवा पेटला तो भक्कम, स्थिर, देवासमोर शपथ घेतल्यासारखा. आयुष्यात पहिल्यांदा तो धड खरं बोलत होता.

इन्स्पेक्टरने लिहून घेतलं आणि मान हलवली. त्याने अगदी सौम्यपणे समजावून सांगितलं. दिवा चालू आहे. म्हणजे ड्रायव्हरला इशारा मिळत होता. पुलाच्या बारा किलोमीटर आधी गाडी बाजूला घ्यायला मोठी जागा होती, तिथे तो थांबला नाही. इशारा असताना हाकत राहिला आणि नको त्या जागी अडकला.

थेंब्या कसाबसा बोलला. "साहेब, ते पाणी काढत होते. माणूस पाणी काढतानाच गेला."

"तेच म्हणतोय मी," इन्स्पेक्टर म्हणाला. "पाणी काढत होता म्हणजे पाणी आहे हे त्याला माहीत होतं. कशावरून कळलं असेल? दिव्यावरूनच ना?"

मॅनेजर पायातल्या बुटांकडे बघत होता. वायरमन पान्हे पुसत होता. थेंब्याच्या खिशात तो तांदळाएवढा दाणा होता. इन्स्पेक्टरने वही पुढे केली. इशाऱ्याचा दिवा चालू स्थितीत आढळला, असं एक वाक्य होतं, त्याखाली वर्कशॉपच्या मिस्त्रीची सही हवी होती. वाक्यात खोटं काहीच नव्हतं. थेंब्याने सही केली. त्याची सही तशी सुरेख होती.

यार्डातली बातमी माणसाच्या आधी घरी पोचते. थेंब्या संध्याकाळी ताईकडे गेला तेव्हा तिला कळलेलं होतं. आई गेली तेव्हा थेंब्या सहा वर्षांचा होता, ताई अकराची. तिने त्याला न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं, त्याच्यासाठी शेजाऱ्यांशी भांडली. तिने कधी त्याला खोटं बोलताना पकडलं नव्हतं, कारण तिच्याशी तो बोलतच नसे खोटं.

ती भिंतीला टेकून बसली होती. घरातल्या चार बायका उठून आत गेल्यावर तिने विचारलं, "दिवा लागला होता का रे?"

थेंब्या भिंतीचा आधार घेत खाली बसला.

"सगळे म्हणताहेत, दिवा लागला होता तरी हे गाडी हाकत राहिले. तू बघितलंस ना गाडीत? तू सांगशील ते खरं."

खरं तेवढं सांगायचं होतं. भाऊजींचं नाव त्या एका वाक्यावर तरलं असतं किंवा बुडालं असतं, हे त्याला कळत होतं. पण त्या वाक्याच्या मागोमाग दुसरं येणार होतं, की मग दिवा कोणी बंद केला. आणि त्याच्याही मागून तिसरं, की मग आज चालू कोणी केला. थेंब्याने जमिनीकडे बघितलं.

"लागला असेल, ताई," तो म्हणाला.

दोन शब्द. बसने एकदा मारलं होतं, याने दुसऱ्यांदा मारलं. बसच्या ड्रायव्हरने निदान ब्रेक तरी दाबला होता.

शनिवारी थेंब्या ताईकडे गेला नाही. रविवारी गेला तेव्हा दारातच थांबला. आत ताई कोणाशी तरी बोलत होती. आवाज रडका नव्हता, भांडणाचा होता. डोळे फुटले होते का यांचे, ती म्हणत होती. गॅस बघायला चारदा माघारी येणारा माणूस, अन् समोर दिवा लागलेला दिसत नाही? मी घरात बसलेय याचा एकदा तरी विचार केला का? कोणीतरी बाई म्हणाली, जाऊ दे आता, माणूस गेलं. ताई म्हणाली, गेलं नाही, स्वतःच्या हाताने गेलं. थेंब्याने चपला काढलेल्याच नव्हत्या. तो तसाच मागे फिरला.

सोमवारी सकाळी तो वाहन खात्याच्या ऑफिसात जाऊन उभा राहिला. इन्स्पेक्टरच्या टेबलावर त्याने तो दाणा ठेवला आणि सगळं सांगितलं. सहा गाड्या, सहा दाणे, बाटली, मॅनेजर, टाकीचं झाकण, शुक्रवारचा अर्धा तास. इन्स्पेक्टरने मधे एकदाही तोडलं नाही. मग त्याने दाणा चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाला की हे कुठल्याही दुकानात मिळतं. थेंब्या म्हणाला, उरलेल्या पाच गाड्या बघा. अजून आहेत त्यांत.

मघाशी म्हटलं तसं, माणूस वाईट नव्हता. तो उठला, स्वतःच्या गाडीत थेंब्याला बसवून यार्डात घेऊन आला.

पाच गाड्या ओळीने उभ्या होत्या. इन्स्पेक्टरने पाचही गाड्यांत चावी फिरवली. पाचही दिवे क्षणभर लागले. दोन विझले, तीन लागलेले राहिले. मग तो स्वतः वाकला आणि पाचही प्लग उघडून पाहिले. टेप नाही, दाणा नाही. नव्या कोऱ्या वायरी, त्यांना चिकटलेली धूळसुद्धा नीट जुनी दिसावी अशी चोळलेली. वायरमनचं काम चांगलं असतं, हे कोणीही मान्य करील. चांगलं काम करायला त्याला शनिवार आणि रविवार मिळाला होता.

अकरा ड्रायव्हर गोळा झाले होते. अकराच्या अकरा जणांना दिव्याचं ठाऊक होतं. त्या दुपारचा चहा सगळ्यांनी घेतला होता. इन्स्पेक्टरने त्यांना विचारलं, "हे म्हणताहेत ते खरं आहे का? कोणाला काही माहीत आहे?"

एक जण टायरमध्ये हवा आहे का ते लाथेने बघू लागला. एक जण आधीच स्वच्छ असलेली काच पुसू लागला. भाऊजींबरोबर एकोणतीस वर्षं एका डब्यातलं खाल्लेला एक म्हातारा ड्रायव्हर होता. त्याने खोकून घेतलं, आणि ते खोकणं संपायच्या आत तो लघवीला निघून गेला. त्यांना शेरे होते, लांबचे मार्ग होते, घरी माणसं होती. हे सगळं थेंब्यालाही होतं. शुक्रवारी त्यानेही हेच केलं होतं, म्हणून तो कोणाला काही बोलू शकला नाही.

"नात्यातले आहात तुम्ही," इन्स्पेक्टर जाताना म्हणाला. "माणसाचं नाव वाचावं असं वाटणारच. मी समजू शकतो. पण सही तुमचीच आहे."

खोटारडा म्हणाला असता तरी चाललं असतं. त्याने दया दाखवली.

मॅनेजरने थेंब्याला नोकरीवरून काढलं नाही. काढायला कारण द्यावं लागतं, आणि कारण लेखी लागतं. त्याने चारचौघांत थेंब्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की तुझ्या मनावर परिणाम झालाय, आठवडाभर घरी पड. ऑपरेशनची जागाही जपली पाहिजे. कोणीतरी फिसकन हसलं.

दुपारी चार वाजता दोन नंबरची गाडी अर्ध्या वाटेतून माघारी आली. पाण्याचा दिवा लागत होता. फिल्टर उघडला, डिझेल काचेसारखं स्वच्छ. मॅनेजर ऑफिसच्या पायरीवरून वायरमनला म्हणाला, "बघ रे जरा ते."

बस, एवढंच. कसं, ते त्याने विचारलं नाही. वायरमन पेटी घेऊन दोन नंबरच्या गाडीखाली शिरला. थेंब्या ते बघत उभा राहिला आणि मग यार्डातून निघाला. फाटकावर त्याला कोणी हटकलं नाही.

ताई मागच्या खोलीत एकटी होती. समोर कपाट उघडं, जमिनीवर एक पोतं, आणि ती भाऊजींचे शर्ट त्या पोत्यात कोंबत होती. घडी न घालता, जुनी फडकी कोंबावीत तसे. थेंब्या दाराशी जमिनीवर बसला. बसताना दुखलं. त्याने सुरुवात केली ती दाण्यापासून, आणि शेवटपर्यंत सांगितलं. शुक्रवारच्या त्या दोन शब्दांसकट.

ताईचे हात एकदा थांबले, मग पुन्हा चालू झाले, मग थांबले ते थांबलेच. ती ओरडली नाही. पोराला मारावं तसं मारील अशी त्याला आशा होती. तेही तिने केलं नाही.

"म्हणजे दिवा लागलाच नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

"मग यांना कळलं कसं पाणी आहे म्हणून?"

"आवाजावरून. गाडीचे झटके ऐकून. भाऊजींना कळायचं, ताई. दगड लावले होते, त्रिकोण ठेवला होता. सगळं बरोबर केलं होतं त्यांनी."

ताईने पोत्याकडे बघितलं. बाहेर कोणीतरी बादली ओढत नेली, तिचा आवाज जिन्यापर्यंत गेला.

"तीन दिवस," ती म्हणाली. "तीन दिवस मी मेलेल्या माणसाशी भांडतेय. आल्या-गेल्याला सांगत सुटले, त्यांचंच चुकलं म्हणून."

मग तिने पोतं उलटं केलं. सगळे शर्ट जमिनीवर पडले. एकेक उचलून ती झटकायला लागली, कॉलर सरळ करून, बटणं लावून, मांडीवर घडी घालायला लागली. घालताना ओठ हलत होते. आवाज इतका खालचा होता की थेंब्याला आधी वाटलं ती मोजते आहे. मग एक-दोन शब्द कानावर आले. चुकलं हो माझं, असं ती शर्टाला म्हणत होती, आणि प्रत्येक शर्टाला वेगळं म्हणत होती.

थेंब्या सरकत पुढे आला. एका शर्टाची बाही आत वळून अडकली होती. त्याने ती सरळ करायला हात घातला.

ताईने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याच्या हातातून ती बाही हळूच सोडवून घेतली, झटकली, आणि शर्टाची घडी घातली.